अमराई उजव्या हाताला

मोटार थांबव म्हणालो तेव्हा वसंता थांबला नाही.

"बाबा, आगे रामेश्वरला थांबू ना. तिथं चहा चांगला मिळतो," म्हणाला. वसंता माझा मुलगा. मी चालत्या गाडीचं दार उघडलं. मग थांबला.

"अहो, मरायचंय का तुम्हाला?"

"मरायचं असतं तर उजवीकडचं दार उघडलं असतं," मी म्हणालो.

त्याला काही कळलं नाही. कळायला मागचं सगळं ठाऊक हवं, आणि ते मी त्याला कधी नीट सांगितलं नाही. मला वाटे, आमच्याबरोबर चालेल तेव्हा आपोआप कळेल. तो चाललाच नाही. म्हणून आता लिहितो. मी शिकलेला नाही. मास्तरांनी पट्टी उगारली तेव्हा पाटी घेऊन निघालो आणि बालाजी घाटाच्या पायरीवरून ती गंगेत सोडली, ती काही परत वर आली नाही. तरी लिहिता येतं. बोलतो तसं लिहितो.

वहाणा गाडीत काढून ठेवल्या आणि खाली उतरलो. फाल्गुनाचं ऊन अजून बोचरं झालेलं नव्हतं. सडक सरळ पुढे जात होती, आणि डाव्या हाताला जुन्या वाटेचं तोंड होतं. कुणीतरी बाभळीचे काटे टाकून ते बंद केलं होतं. काट्यांपलीकडे तूर उभी होती, तुरीच्या वर आंब्यांचे शेंडे, आणि वाऱ्याबरोबर मोहराचा तो वास आला. गोड आणि जरासा कुबट, जुन्या पेटीत ठेवलेल्या शालूसारखा. त्या वासाबरोबर गोदूआत्याच येऊन उभी राहिली म्हणा ना.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. काशीच्या भोवती एक वाट आहे, पंचक्रोशीची. मणिकर्णिकेवर स्नान करून निघायचं, अनवाणी, आणि पाच मुक्काम करत पुन्हा मणिकर्णिकेवर यायचं. चालताना काशी कायम उजव्या हाताला. वाटेच्या उजवीकडे जे काही आहे, शेत, झाड, डबकं, कुत्रं, ते सगळं काशीत. डावीकडचं काशीबाहेर. म्हणून देवळं उजवीकडे आणि धर्मशाळा डावीकडे. माणसानं निजायचं, थुंकायचं, लोटा घेऊन जायचं ते डावीकडे. पवित्र जागा घाण करायची नाही. एकदा पाऊल टाकलं की उलटं फिरायचं नाही.

आमचे तात्या, म्हणजे माझे वडील, देशावरून येणाऱ्या मंडळींना ही यात्रा करवीत. सातारा, वाई, नाशिक, कुठून कुठून लोक येत. तात्या पुढे, हातात काठी, तोंडात स्तोत्र. मी मागे, डोक्यावर पिठाचं गाठोडं आणि पातेली. तात्यांची विद्या मला आली नाही, पण गोवऱ्यांच्या आरावर बाटी अशी भाजीन की साताऱ्याचा माणूस भाकरी विसरेल. मी यात्रेचा आचारी होतो. त्यात लाज कसली? स्तोत्रानं कुणाचं पोट भरल्याचं मी पाहिलं नाही.

काय दिवस होते ते! इंग्रजाचा अंमल होता, पण त्या वाटेवर इंग्रज दिसत नसे. धूळ मऊ, पहाटे थंड आणि दुपारी उबदार, कणकेसारखी तळव्याला चिकटणारी. कंदव्याच्या तळ्यात काळ्या दगडाचं जुनं देऊळ पडल्यासारखं दिसे, आणि कुणी पाय धुतले की देऊळ मोडे, पुन्हा हळूहळू जुळे. भीमचंडीच्या पुढे दोन्ही बाजूंना मटार आणि मोहरी. शेतकरी हिरवे हरभरे काडाच्या जाळात भाजत, ते होरहा म्हणत, आपण हुळा म्हणतो. तो धूर लांबून आला की यात्रेकरूंचे पाय आपोआप उचलत. मोहाच्या रानातून जाताना सगळे गप्प होत. का ते कुणी सांगितलं नाही. रान दाट नव्हतं, भीतीचं तर मुळीच नव्हतं. पण पानांवर पडणाऱ्या मोहाच्या फुलांचा टप टप आवाज ऐकायचा असे बहुतेक सगळ्यांना. दुपारी विहिरींवर बैल मोट ओढत आणि चामड्याची मोट वर येताना चाकाचा जो आवाज होई तसा आवाज मी पुन्हा कुठं ऐकला नाही. आता इंजिनं आहेत. ती खोकतात.

गोदूआत्या या वाटेवर दरवर्षी यायची. तात्यांची थोरली बहीण. लहानपणीच कपाळ पुसलं गेलं, आणि एकदा काशीला आली ती परत न जाण्यासाठीच. काशीत मरायचं एवढं एकच काम तिनं आयुष्यात मागून घेतलं होतं. त्याबद्दल ती अशी बोलायची जशा इतर बायका पापडांबद्दल बोलतात. उन्हाळा संपायच्या आत झालं तर बरं, असं.

तिची पंचाईत ही की धर्मशाळा डावीकडे.

"मी नाही निजायची तिथं," पहिल्याच मुक्कामाला ती जाहीर करी. "उद्या सकाळी उठले नाही तर? काशीत इतकी वर्षं काढून मेले कुठं, तर डाव्या अंगाला!"

"अक्का, रात्रीपुरतं निजायचंय. मरायचं नाहीये," तात्या म्हणत.

"तुला यमानं लिहून दिलंय का?"

मग ती देवळाच्या ओट्यावर, उजवीकडे, घोंगडी टाकी. सगळी यात्रा डावीकडे आणि ती एकटी उजवीकडे. मधल्या वाटेवरून मी तिला बाटी नेऊन देई. आणि लोटा घेऊन डावीकडे जावं लागे तेव्हा? तेव्हा ती पळत जाई. खरंच पळत. लुगडं वर खोचून, आम्हाला ओरडून सांगत, "आलेच! त्याला म्हणावं, जरा दम धर!" वाईच्या बायका पदर तोंडात कोंबून हसत. परत येऊन वाट ओलांडली की ती मोठ्यानं श्वास सोडी आणि म्हणे, "हं. आता ये म्हणावं मेल्याला."

भीमचंडी आणि रामेश्वराच्या मधे ही अमराई. वाट तिथं सरळ जात नसे. डावीकडे मोठा वळसा घेऊन अमराईला पोटाशी धरून पुढे निघे, आणि अमराई, तिच्यातली विहीर, विहिरीमागची चार घरं, सगळं उजव्या हाताला येई. विहिरीला दगडी ओटा होता. तिथं सगळी यात्रा पाणी पिऊन घेई.

माझ्या ओठावर मिसरूड फुटत होतं त्या वर्षी गोदूआत्या त्या ओट्यावर बसली ती बसलीच. भर दुपार होती. आंब्यांना मोहर इतका की पानं दिसत नव्हती, आणि मधमाश्यांचा एकच घोष. विहिरीवर पाणी शेंदत होती ती त्या घरांतली बाई, पुढे ज्याच्याशी माझी गाठ पडली त्या रामलगनची आई. तिनं आत्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. आत्यानं ते प्यायलं नाही. हातातून गळू दिलं आणि विचारलं, तिच्या त्या मोडक्या हिंदीत, "काशी किदर?"

त्या बाईनं दुसरं काही बोलायच्या आधी ओट्याच्या दगडावर थापटी मारली. "इहे काशी हौ, माई."

आत्यानं मान वळवून वाटेकडे पाहिलं. वाट डावीकडे होती. ती हसली असं मी म्हणणार नाही. तिचा चेहरा हसल्यासारखा नेहमीच असे. पण मोठ्यानं श्वास सोडला, लोटा घेऊन परत आल्यावर सोडायची तसाच. पुढचा घेतला नाही.

बैलगाडीतून तिला मणिकर्णिकेवर आणली. सगळ्या गल्लीत तात्या सांगत फिरले, "उजव्या अंगाला गेली. सुटली." रडता रडता सांगत, आणि तरी त्यांच्या आवाजात एक अभिमान होता.

मग सडक आली. एका वर्षी जाताना पाहिलं, वळशाच्या सुरवातीला खुंट्या ठोकल्या होत्या आणि चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. टोपीवाला ओवरसियर सायकल धरून उभा. पुढच्या वर्षी गेलो तर वळसा नाही. सरळ, रुंद, खडी टाकलेली सडक, अमराईच्या आतल्या अंगानं शेत कापून गेलेली. यात्रेकरू खूश. "वा, काय सरळ रस्ता केलाय सरकारनं!" तात्या पुढे गेले, मंडळी मागे. मीही त्या खडीवरून चाललो, आणि मोहराचा वास आला.

वास डावीकडून आला.

मी थांबलो. डोक्यावर पीठ, मागचे लोक मला धडकले. "तात्या," मी ओरडलो, "अमराई डावीकडे गेली!"

तात्यांनी वळून पाहिलं. स्तोत्र तोंडातच राहिलं.

घरी आल्यावर तात्यांनी शास्त्रीबुवांना विचारलं. आमच्याच गल्लीत राहत. फार भला माणूस, मला पाटीबुडव्या म्हणायचे पण प्रेमानं. ते म्हणाले, "काशी काही ओवरसियरच्या दोरीनं मोजली जात नाही. आणि ज्या दिवशी गोदूबाई गेल्या त्या दिवशी ती जागा उजव्या अंगाला होती. त्यांचं झालं. मनात किंतु ठेवू नका." तात्यांचं समाधान झालं. शास्त्रीबुवांचं खरंच असणार, त्यांनी ग्रंथ पाहिलेले. पण माझं समाधान झालं नाही. ती त्या एका दुपारी तिथं मेली आणि संपलं, असं मला वाटतच नव्हतं. दरवर्षी मी तिथून जाई तेव्हा ती त्या ओट्यावर बसलेली असे. आणि लोक तिला डावीकडे टाकून चालले होते. थुंकत चालले होते त्या बाजूला!

"पुढच्या वर्षी मी जुन्या वाटेनं जाणार," मी सांगितलं.

"तुझं डोकं म्हणजे मणिकर्णिकेचा दगड," तात्या म्हणाले. "वाट नांगरली असेल आतापर्यंत."

"मग नांगरातून जाईन."

आणि गेलो. तात्या त्या वर्षी पायाच्या दुखण्यानं घरी होते, मंडळी माझ्या हाती होती. वळशाच्या तोंडाशी मी सगळ्यांना डावीकडे वळवलं. वाट खरोखरच नांगरली होती. मटार लावला होता, चांगला गुडघ्याइतका, पांढऱ्या फुलांचा. मी शेतात पाय घातला तोच रामलगन लाठी घेऊन धावत आला. माझ्याच वयाचा, अंगानं माझ्या दुप्पट.

"ए महराज! सडक ओहर हौ! एहर कहाँ घुसत हउवा?"

"जुन्या वाटेनं चाललोय," मी म्हणालो. हिंदीत म्हणालो, पण रागावलो की माझी हिंदी मराठीच होते.

"पुरान बाट सरकार बंद कर देहलस. अब खेत हौ. मटर रौंदबा त टाँग तोड देब."

"तोड. पण उजवी तोड. ती निदान काशीच्या अंगाला पडेल."

साताऱ्याचे दोघे माझा सदरा ओढत होते. "अहो आचारी, कशाला उगाच, सरळ रस्ता आहे ना." मी हललो नाही. लाठी वर होती, मटारची फुलं माझ्या पोटऱ्यांना लागत होती. तेवढ्यात त्याची आई विहिरीवरून आली. तिनं मला ओळखलं. विचारलं, काय झालं, भांडता कशाला.

मी तिला सांगितलं. वाटेच्या उजवीकडे काशी, डावीकडे नाही, हे तिला मी काय सांगणार, ती जन्मभर त्या वाटेवर राहिलेली. पण सडकेकडे बोट केलं आणि म्हणालो, आता लोक तिथून चालतात. तुमची विहीर त्यांच्या डाव्या हाताला. माझी आत्या डाव्या हाताला.

म्हातारीनं सडकेकडे पाहिलं. मग विहिरीकडे. मग मागच्या आपल्या घराकडे, ज्याच्या छपरावर दुधी चढवला होता. तिच्या तोंडावरून काहीतरी सरकत गेलं.

"तब त हमहन क घरवो काशी से बहरे होइ गयल?"

मलाही तोवर हे सुचलं नव्हतं. मी माझ्या एका मेलेल्या माणसाचं घेऊन बसलो होतो, आणि तिला अजून मरायचं होतं.

तिनं रामलगनच्या हातातली लाठी घेतली आणि त्याच लाठीनं त्याच्या पाठीत एक घातली.

"माई!"

"ई राह ना जोताई, रमलगना. हम काशी में जनमली, काशी में मरब. तू चार मूठी मटर बदे हमके मगहर भेजबे?"

मगहर म्हणजे जिथं मेलं की गाढवाचा जन्म, असं लोक म्हणतात. रामलगन पाठ चोळत माझ्याकडे बघत राहिला. मग एकदम हसला. "चला महराज," म्हणाला, "पहिले तू ही रौंदा." आणि आम्ही मटार तुडवत गेलो, सगळी यात्रा, एका मागे एक. तुडवलेल्या मटारचा तो हिरवा, गोड, कच्चा वास मला अजून येतो. साताऱ्याच्या एका बाईंनी जाता जाता शेंगा तोडून पदरात टाकल्या, तेही म्हातारीनं पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

त्यानंतर ती पट्टी नांगरली गेली नाही. माणूस चालेल एवढीच रुंद. पण वाट नुसती सोडून भागत नाही, तिला पाय लागतात. म्हणून दरवर्षी मी मंडळी घेऊन जायचो. कितीजण कुरकुरायचे. ज्यांना सरळ जायचं त्यांनी जावं, पण बाटी अमराईत भाजली जाईल, असं मी सांगायचो. मग सगळे वळशानं यायचे. म्हातारी ओट्यावर बसून ओंजळीत पाणी ओतायची, रामलगन होरहा भाजायचा. एक वर्ष दंगा झाला, यात्रा कुणी निघाली नाही, तेव्हा मी एकटा गेलो. पीठ नाही, पातेली नाही, नुसते पाय.

एका हिवाळ्यात रामलगन आमच्या घाटावर आला. डोकं भादरलेलं. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "माई काशी में गइल, महराज." मग माझ्या हातातली चिलीम घेऊन, "अबकी साल अइबा न?"

"येणार."

"गोड टूट जाई तब्बो?"

"पाय मोडला तरी येणार," मी म्हणालो. दिलेला शब्द मी पाळत आलो. नंतर इंग्रज गेला, देशावरचे लोक मोटारीनं यात्रा उरकायला लागले, आचाऱ्याचं काम राहिलं नाही. मी मुलाच्या दुकानात बसायला लागलो. तरी फाल्गुनात जात राहिलो. रामलगनही गेला. मग गुडघे गेले. मागची काही वर्षं नाही आलो. का, ते गुडघ्यांना विचारा. यंदा वसंताच्या मोटारीतून आलो.

तर ते काटे. मी एकेक बाजूला केले. अंगठ्यात एक शिरला, काढून टाकला. आत पट्टी होती! गवत माजलं होतं, दोन्ही बाजूंनी तूर वाकून आली होती, पण नांगर लागलेला नव्हता. गवताच्या मधे एक बारीक रेघ तुडवलेली, शेळ्यांची असेल, पोरांची असेल. मला ती गोड वाटली.

"बाबा, काय करताय? मी पुढच्या टोकाला गाडी घेऊन उभा राहतो, तिथं या," वसंता वैतागून म्हणाला. "धीरे धीरे या. पडू नका."

"पडलो तर उजवीकडे पडेन."

चाललो. काठी टेकत, थांबत. तुरीच्या वाळक्या शेंगा अंगाला घासून खुळखुळत, पैंजणं बांधलेल्या पोरीसारख्या. अमराई विरळ झाली आहे, आंबे म्हातारे झाले आहेत, पण मोहर तसाच. मधमाश्या त्याच असाव्यात असं वाटावं इतका तोच घोष. विहिरीवर चाक नाही. ओटा आहे. मी ओट्यावर बसलो, दगडावर हात ठेवला. तापला होता. म्हणालो, "आत्या, आलो." मराठीत म्हणालो. तिथं मराठीत बोलायला आता दुसरं कोण होतं?

किती वेळ बसलो कोण जाणे. वसंताचा धीर सुटला असावा. पलीकडच्या टोकाकडून हाका आल्या आणि मग तो स्वतःच दिसला, तुरीतून वाट काढत माझ्याकडे येताना. उलटा. अमराई डाव्या हाताला ठेवून.

"तिथंच थांब!" मी ओरडलो. इतक्या मोठ्यानं की होले उडाले. "उलटा येऊ नकोस!"

"अहो बाबा, दहा पावलांवर तर आहे मी!"

"परत फीर. गाडीनं जा हवं तर मागं. पण त्या तोंडापासून चालत ये. जोडे गाडीत ठेव."

"पागल झालात का? किस लिए?"

"ये. आलास की सांगतो. तोवर मी इथून उठणार नाही."

तो उभा राहिला, कमरेवर हात ठेवून. मीही बसून राहिलो, काठीवर हात ठेवून. माझाच मुलगा, त्यामुळे जरा वेळ लागला. मग काहीतरी पुटपुटत वळला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, सडकेवरून मागे गेल्याचा आला, बंद झाल्याचा आला. मग बराच वेळ नुसत्या मधमाश्या.

आणि मग लांब, काटे काढले होते त्या तोंडाशी, तुरीच्या शेंगा खुळखुळल्या. थांबल्या. "अरे बाप रे," असा आवाज आला, अनवाणी पायाला सवय नाही. पुन्हा खुळखुळल्या. हळूहळू तो आवाज वळसा घेत जवळ यायला लागला. मी मान वळवून वाटेकडे पाहत होतो. तो येत होता, आणि त्याच्या उजव्या हाताला अमराई होती, विहीर होती, गोदूआत्या होती, मी होतो.